मान्यतेस्तव सादर

नानांच्या कपाटात, बँकेची पासबुकं आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या मधल्या कप्प्यात, एक नस्ती आहे. खरीखुरी सरकारी नस्ती: तपकिरी पुठ्ठा, पांढरी नाडी, डाव्या कोपऱ्यात भोक पाडून ओवलेले कागद. वर नानांच्या ठसठशीत अक्षरात विषय लिहिलाय, 'निसर्ग छायाचित्रणाकरिता मध्यम श्रेणीतील डिजिटल कॅमेरा खरेदी करणेबाबत'. पहिला कागद एप्रिल २०१५ चा. निवृत्तीनंतरचा वेळ सत्कारणी लागावा, सकाळचे फिरणे व्हावे आणि पक्ष्यांची नोंद राहावी या हेतूने कॅमेरा घेणे प्रस्तावित आहे, अंदाजित खर्च रुपये ८०,००० फक्त, मान्यतेस्तव सादर. खाली काकूंनी किराण्याच्या यादीच्या पेन्सिलीने शेरा मारलाय, "मान्य. पण एकदाच."

हा शेरा त्याच दिवशी मिळाला. त्यानंतर या प्रकरणात कुणीही घाई केलेली नाही.

नाना पाटबंधारे खात्याच्या भांडार शाखेतून निवृत्त झाले. सिमेंट, पत्रे, पंपाचे वॉशर, टाचण्यांचे डबे, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलं. "ऑडिटचा एक आक्षेप नाही," हे वाक्य ते अजूनही ओळख करून देताना आडनावाच्या पाठोपाठ सांगतात. अशा माणसाला दुकानात शिरून 'हा द्या' म्हणता येत नाही. त्याला तीन दरपत्रकं लागतात. तांत्रिक लिफाफा आधी उघडावा लागतो, दराचा नंतर. आंबे घ्यायचे तरी नाना तीन गाड्यांवरचे भाव डायरीत लिहून आणतात, घरी बसून तक्ता करतात आणि निर्णय घेऊन खाली उतरतात, तोवर सर्वांत चांगली गाडी निघून गेलेली असते. म्हणून काकू आंबे परस्पर घेतात. कॅमेरा परस्पर घेणं त्यांना जमण्यातलं नव्हतं, म्हणून तो राहिला.

नानांना कॅमेऱ्यातलं कळत नाही असं मात्र कुणी समजू नये. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत ज्यांच्या ज्यांच्या गळ्यात कॅमेरा आहे तो नानांच्या सल्ल्याने आलेला आहे, माझाही. सल्ला देताना नाना पाच मिनिटांत निकाल लावतात. "तुला मुलांचे आणि सहलीचे काढायचेत ना? मग हा घे आणि गप्प बस." दुसऱ्याचा पैसा असला की त्यांची बुद्धी लखलखीत चालते. स्वतःच्या बाबतीत ती तितकीच चालते, फक्त थांबत नाही.

एकदा संध्याकाळी त्यांनी मला पक्ष्यांच्या कॅमेऱ्याचं सगळं गणित समजावून दिलं. पक्षी लहान असतो, लांब असतो आणि जागेवर राहत नाही, हे तीन दोष धरून खरेदी करायची. पैसा लेन्सवर घालायचा, बॉडीवर उरेल तो. कमीत कमी ४०० मिलिमीटर हवी. सेन्सर लहान असला की कॅननच्या बाबतीत त्याला १.६ ने गुणायचं, निकॉनच्या बाबतीत १.५ ने.

"पण त्याने पक्षी जवळ येत नाही ना नाना? नुसत्या कडा कापल्या जातात."

"नाहीच येत. तो गुणाकार कंपनीच्या सोयीचा आहे. म्हणून मी तो पेन्सिलीने धरलाय."

खरी अडचण पुढे होती. उडता पक्षी पकडायचा तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत न्यावं लागतं. म्हणजे उजेड भरपूर हवा, आणि पक्षी नेमके उजाडताना नि झाडीत असतात. मग आयएसओ चढवायचा. तो चढवला की मुनियेच्या पोटावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. हे टाळायचं तर लेन्सचं तोंड मोठं हवं. निकॉनची २००-५०० लेन्स शेवटपर्यंत एफ ५.६ देते. सिग्मा आणि टॅमरॉनची १५०-६०० शंभर मिलिमीटर जास्त देते, पण टोकाला एफ ६.३ होते. फरक एक तृतीयांश स्टॉपचा. म्हणजे शंभर मिलिमीटर मोठं की एक तृतीयांश स्टॉप मोठा? एक अख्खा पावसाळा नानांनी या प्रश्नावर काढला. रात्री जेवताना ते मध्येच घास थांबवून म्हणायचे, "शंभर मिलिमीटर." काकू म्हणायच्या, "वाढू का?"

पावसाळ्याच्या शेवटी तराजू निकॉनकडे झुकला, तेव्हा वजनाचा मुद्दा निघाला. ती लेन्स २.३ किलोची, बॉडी धरून ऐवज तीन किलोवर जातो. एवढं ओझं डोळ्याशी धरून हात थरथरतो की नाही हे तपासल्याशिवाय तांत्रिक लिफाफ्यात गुण कसे द्यायचे? नानांनी तीन किलो आंबेमोहोर एका लांबट पिशवीत भरला, तोंड सुतळीने बांधलं आणि रोज सकाळी सहाला गच्चीवर जाऊन ती पिशवी दोन्ही हातांनी डोळ्यासमोर धरून ते पूर्वेकडे रोखून उभे राहू लागले. पहिल्या दिवशी वीस सेकंद, मग तीस, मग पन्नास. मध्येच झपकन डावीकडे वळायचे. तो उडता बगळा असायचा. आमच्या वॉचमनने हा प्रकार सूर्याला तांदूळ दाखवण्याचा म्हणून बरेच दिवस श्रद्धेने पाहिला आणि शेवटी काकूंना विचारलं, "व्रत कुठलं आहे साहेबांचं?" काकूंनी त्याच दिवशी पिशवी खाली नेली आणि भात लावला. नोंदीत शेरा आहे: 'चाचणी साहित्य उपलब्ध न राहिल्याने वजनाचा मुद्दा प्रलंबित.'

नाना कधीच दुकानाच्या पायरीपर्यंत गेले नाहीत असं म्हणणं त्यांच्यावर अन्यायाचं होईल. २०१५ साली निकॉनचा पी ९०० आला तेव्हा सगळ्या गावात चर्चा होती. ८३ पट झूम, म्हणजे २००० मिलिमीटरच्या बरोबरीचा, आणि चंद्रावरचे खड्डे दिसतात. किमतीत बसत होता, वजनात बसत होता. पण तो रॉ फाइल देत नव्हता. नानांना रॉ फाइल हवी कशाला, ती उघडायला लागणारा संगणकच त्यांच्याकडे नाही, असा आक्षेप मी घेतला. "मूळ कागदपत्र असायलाच पाहिजे," नाना म्हणाले. "सत्यप्रतीवर काम करायची सवय नाही मला."

मग फेब्रुवारी २०१६ मध्ये नानांच्या आयुष्यात निकॉनचा डीएल २४-५०० आला. म्हणजे त्याची घोषणा आली. २४ ते ५०० मिलिमीटरची जोडलेली लेन्स, रॉ फाइल, हातात मावेल असा, अमेरिकेतली किंमत हजार डॉलरच्या आसपास. सेन्सर एक इंची. त्या एक इंचावरून नाना आठवडाभर तापले होते, कारण तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो. "एक इंच म्हणून असा पाइप माझ्या भांडारात आला असता तर ट्रकसकट परत पाठवला असता!" पण बाकी सगळ्या रकान्यांत त्याला पैकीच्या पैकी पडत होते. नाना वाट पाहू लागले. एप्रिलमध्ये जपानात कुमामोतोला भूकंप झाला, तिथला सोनीचा सेन्सरचा कारखाना बंद पडला आणि जगभरचे कॅमेरे लांबणीवर गेले. आमच्या इमारतीत त्या भूकंपाची झळ बसलेलं घर एकच.

दिवाळी झाली तरी डीएल येईना. शेवटी मन घट्ट करून नानांनी पॅनासॉनिकचा एफझेड १००० घ्यायचं ठरवलं. गुरुवारी जायचं. कार्डावर त्यांचा विश्वास नाही, म्हणून सोमवारी बँकेतून रक्कम काढली, पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा, पाकीट बंद, वर लाल शाईने 'कॅमेरा'. तो सोमवार ७ नोव्हेंबर २०१६ चा होता. मंगळवारी रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर बोलायला लागले. गुरुवारी नाना ठरल्या वेळेला घरातून निघाले, ते बँकेच्या रांगेत उभे राहायला. नस्तीत त्यांनी शांतपणे लिहिलं, 'शासन निर्णयामुळे कार्यवाही स्थगित.' यात त्यांना दैवी संकेतही दिसला: डीएलसाठी थांबायला हवं होतं, आपण उतावीळ झालो. पुढच्या फेब्रुवारीत निकॉनने डीएल ही मालिकाच रद्द केली. एकही नग बाजारात आला नाही. नानांच्या सर्व अटींत बसलेला आजवरचा एकच कॅमेरा, आणि तो जन्मालाच आला नाही. अजूनही त्याचा विषय निघाला की नाना चष्मा काढून पुसतात.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते भराभरच झालं. निकॉनचा डी ७५०० आला, त्यात आधीच्या डी ७२०० मधल्या दोन कार्डांच्या खाचांपैकी एक कमी केलेली निघाली. खालचा नग वरचा म्हणून स्वीकारणं नानांच्या तत्त्वात नव्हतं. जीएसटी आला, कॅमेरा २८ टक्क्यांत गेला. नाना म्हणाले, हा दर टिकत नाही. जानेवारी २०१९ पासून तो खरोखरच १८ झाला आणि त्या दिवशी नानांनी सोसायटीत पेढे वाटले, पण तोपर्यंत आरसा नसलेले कॅमेरे आले होते आणि आरसा असलेला घ्यावा की नाही हा मूलभूत प्रश्न उभा राहिला होता. मूलभूत प्रश्न उभा राहिला की फेरनिविदा. मग टाळेबंदी. मग आरशाचे कॅमेरे एकेक करून बंद होऊ लागले. डी ५०० बंद झाल्याची बातमी नानांनी मला जिना चढून येऊन सांगितली, धापा टाकत, पण चेहऱ्यावर लपवता न येणारं समाधान. "बघ. घेतला असता तर?"

या सगळ्या काळात नानांनी काहीच घेतलं नाही असंही नाही. सरकारी पद्धतीत ठरावीक रकमेखालच्या किरकोळ खरेदीला निविदा लागत नाही. त्यामुळे अनुषंगिक साहित्य घरात येत गेलं. कार्बन फायबरचा ट्रायपॉड आला, त्याच्या पायावर पांढऱ्या रंगाने जडसंग्रह नोंदवहीतला क्रमांक पडला. त्यावर बसवायचं गिंबल हेड आलं. पाऊसकोट आला, माणसाचा नव्हे, लेन्सचा. लेन्स पुसायची पेन्सिल, हवा मारायचा रबरी फुगा, तीन मेमरी कार्डं. आणि बीनबॅग, म्हणजे गाडीच्या खिडकीत ठेवून त्यावर लेन्स टेकवायची ती पिशवी. ती रिकामी येते, आत काय भरायचं ते आपलं आपण ठरवायचं. नानांनी गहू, ज्वारी आणि मटकी यांचा तौलनिक अभ्यास केला. गहू जड, ज्वारी घरंगळते. मटकी लेन्सचा आकार उत्तम धरते. मटकी मंजूर झाली. भिगवणला आम्ही होडीतून फिरलो तेव्हा ती पिशवी होडीच्या तळाच्या पाण्यात बसली. नानांनी घरी आणून गॅलरीत ठेवली नि विसरले. तिसऱ्या दिवशी काकूंनी चेन उघडली, तर बीनबॅगेला मोड आले होते. त्या रविवारी आम्हा सगळ्यांना त्यांच्याकडे मिसळीचं बोलावणं होतं. मिसळ झणझणीत होती, त्या वेळी कुणी चौकशी केली नाही.

पण नानांच्या किरकोळ खरेदीचा मुकुटमणी म्हणजे ड्राय कॅबिनेट. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी उमटते आणि एकदा काचेचा लेप खाल्ला की ती लेन्स गेली. त्यावर उपाय हे कपाट. काचेचं दार, आत तीन कप्पे, वर हिरव्या आकड्यांत आर्द्रता दिसते. ती चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवायची. फार कोरडं केलं तर रबर तडकतं. नानांनी ते दिवाणखान्यात टीव्हीशेजारी बसवलं, काटेकोरपणे ४५ वर लावलं आणि आत एक लेन्स पुसायची पेन्सिल ठेवली.

जूनमध्ये काकूंची नजर त्याच्यावर गेली. बाहेर सादळ, घरातले पापड मऊ पडायला लागलेले, आणि समोर हे वीज खाणारं रिकामं, कोरडं कपाट. पहिल्यांदा पोह्याचे पापड गेले, मागून उडदाचे. वरच्या कप्प्यात कुरडया, मधल्यात पापड, खाली मेतकूट आणि सुंठ. श्रावणात त्यांच्या घरचा पापड तळताना जो फुलतो तो पाहून शेजारणी कृती विचारतात. काकू सांगतात, "काही नाही हो, पंचेचाळीस टक्के." नानांनी सुरुवातीला हरकत नोंदवली, पण वस्तू वापराविना पडून राहणं हा भांडारातला सर्वांत मोठा गुन्हा, हे काकूंनी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं.

कॅमेऱ्याच्या दुकानात नानांचा दरारा आहे. त्या दुकानाचं नाव सांगत नाही, मालक भला माणूस आहे. नाना आत आले की काउंटरवरचा जुना मुलगा चहा सांगतो आणि नवा मुलगा पुढे होतो, कारण नव्या मुलाचं प्रशिक्षण नानांवर होतं. नाना खिशातून स्वतःचं मेमरी कार्ड काढतात, ज्याची चाचणी घ्यायची त्या कॅमेऱ्यात घालतात आणि छतावरचा पंखा टिपतात. पाती थिजली तर शटर ठीक. मग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला गणपती, आयएसओ ३२०० आणि ६४००. मग नव्या मुलाची परीक्षा. "याला बफर किती?" मुलगा खोक्यावर शोधायला लागतो. "खोक्यावर नसतं ते. सलग दाबून धर नि मोज." मुलगा दाबून धरतो, कॅमेरा टरटरत राहतो आणि मग दम लागल्यासारखा थांबतो. "बघ, नेमका इथे पक्षी उडतो."

एका शनिवारी तिथे एक जोडपं आलं होतं, काझीरंग्याला जायचं होतं, गोंधळलेलं. मुलगा त्यांना सर्वांत महागाचं दाखवत होता. नानांनी चहाचा कप खाली ठेवला, दोन प्रश्न विचारले आणि त्यांना मधल्या किमतीची बॉडी, बरी लेन्स नि उरलेल्या पैशात चांगली दुर्बीण घ्यायला लावली. ती माणसं हात जोडून गेली. मालकाने बाहेर येऊन नानांना गंभीरपणे विचारलं, शनिवार-रविवार काउंटरला बसता का म्हणून. नाना म्हणाले, "नको. मग मी पुरवठादार होईन. पुरवठादाराला निविदा भरता येते, काढता येत नाही."

रविवारच्या आमच्या टोळीत नाना कायम असतात. उन्हाळ्यात सिंहगडाच्या खोऱ्यात स्वर्गीय नर्तक येतो, त्याच्या एका पाणवठ्यावर पहाटेपासून लोक लेन्सा रोखून बसलेले असतात. शेपटीची दीड वीत पांढरी रिबीन घेऊन नर पाण्यावर झेपावला की चाळीस शटर एकदम तडतडतात, आणि त्या आवाजात तो काय म्हणाला ते कुणालाच ऐकू येत नाही. नाना मागच्या दगडावर, गळ्यात ८ बाय ४२ ची दुर्बीण, मांडीवर वही. त्यांचा ट्रायपॉड माझ्याकडे, गिंबल कुणा दुसऱ्याकडे, बीनबॅग तिसऱ्याच्या खिडकीत. सबंध टोळीत कॅमेरा सोडून सगळं नानांचं असतं. आम्ही घरी येऊन हजारभर फोटोंतले नऊशे पुसत बसतो आणि रात्री नऊला त्यांना फोन लावतो, "नाना, सकाळी सव्वासातला डावीकडच्या बांबूत जो करडा पक्षी होता, माझा फोटो हललाय, तो कोण?" नाना वही उघडतात. "टिकेलचा निळा माशीमार, मादी. करडी दिसली असेल तुला, सावलीत होती. दोनदा शेपूट उडवून गेली. पिल्लाला भरवत होती बहुतेक, चोचीत अळी होती." माझ्या फोटोत अळी नव्हती, चोचही नव्हती.

एकदा टोळीतल्या एका तरुणाने त्यांना छेडलं. मद्रासचे एम. कृष्णन यांच्यासारखा मोठा वन्यजीव छायाचित्रकार निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून काम करत होता, त्या जोडकामाला त्यांनी 'सुपर पोंडेरोसा' असं गमतीदार नावही दिलं होतं. आणि तुम्हाला एवढ्या बाजारात एक कॅमेरा सापडत नाही? नानांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "म्हणजे त्यांनाही तयार मालातला एकही पसंत पडला नव्हता ना?"

भिगवणला ते वेगळेच असतात. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, त्याचा हा फुगवटा. होडीवाल्याला पैसे देतानाही त्यांच्या चेहऱ्यावर यजमानाचा भाव असतो. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब उतरतात, रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात माना खाली घालून चिखल गाळत असतात. "यांच्यासाठी अंदाजपत्रकात एक पैशाची तरतूद नव्हती," नाना हळूच सांगतात. "आपले आपण आले."

आता जे झालं ते सांगतो. नानांची मुलगी बंगळूरला असते. आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला ती आली आणि तिने टेबलावर खोकं ठेवलं. कॅननचा आर १०, सोबत १००-४०० लेन्स. दोन्ही मिळून एक किलोच्या आसपास. दरपत्रक नाही, तक्ता नाही, तांत्रिक लिफाफा तर दूरच. रात्री साडेदहाला फोनवर बोट टेकवून मागवलेला. पत्रिका न बघता लग्न करून जावई दारात उभा करावा, तसा नानांचा चेहरा झाला. जावयाला आता परत पाठवता येत नाही, आणि दिसायला तो वाईटही नव्हता.

"कसा आहे, बाबा?"

"माझ्या तक्त्यात तिसरा आहे."

"मग पहिला कुठला?"

"पहिला अजून बाजारात यायचाय."

संध्याकाळी ड्राय कॅबिनेटसमोर जागावाटपाची बैठक झाली. काकूंनी सेवाज्येष्ठतेचा मुद्दा काढला. कुरडया वरच राहतील, त्या खाली चुरतात. पापड हलणार नाहीत. कॅमेऱ्याला सुंठीशेजारी खालचा अर्धा कप्पा. नानांनी सही केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नस्तीला नवा भाग जोडला: 'भेट म्हणून प्राप्त झालेल्या नगाची स्वीकृती तपासणी.' लेन्स टोकाला एफ ८ होते, ही नोंद लाल शाईत. वजनाच्या रकान्यात मात्र, अगदी बारीक अक्षरात, 'उत्तम'.

परवा मी गेलो तेव्हा नाना गॅलरीत होते. समोरच्या भिंतीवर त्यांनी वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवलेलं. ट्रायपॉड उभा, पायावर पांढरा क्रमांक, वर प्रथमच स्वतःच्या घरचा कॅमेरा. मधली अक्षरं आणि कोपऱ्यातली अक्षरं सारखी स्पष्ट येतात का, हे प्रत्येक आकड्याला तपासायचं चाललं होतं. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, हात मागे घ्यायचा, श्वास धरायचा, टक्. मग भिंगातून पाहून वहीत गुण. 'स्थळे पाहिजेत' स्पष्ट, 'जुने फर्निचर' किंचित मऊ.

काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. पलीकडच्या प्लॉटमध्ये उंबर आहे. त्यांनी ट्रे तसाच धरून मान लववली. "अहो, भारद्वाज! सकाळी सकाळी. दर्शन तरी घ्या."

नानांनी मान वळवली नाही. "कळलं. मघापासून खालच्या फांदीवर बोलतोय. आता भिंतीवर उतरेल. त्याची जोडीदारीण पलीकडच्या घाणेरीत आहे, ती उत्तर देईल, याच्याहून जाड आवाजात."

तांबूस पंखांचा तो काळा पक्षी उंबरावरून घसरल्यासारखा खाली आला आणि भिंतीवर चालू लागला, मामलेदारासारखा. घाणेरीतून खोल, घुमणारं हूप हूप आलं. त्यानेही मान खाली घालून, गळा फुगवून जबाब दिला. सकाळचं ऊन सरळ त्याच्या पाठीवर पडलं होतं. अंतर असेल पंधरा मीटर. ४०० मिलिमीटरला फ्रेम भरली असती.

"मग काढा की फोटो!" काकू म्हणाल्या. "कॅमेरा आहे ना आता?"

"काढतोच आहे," नाना म्हणाले आणि टायमर लावला. "एफ ११ आणि एफ १६ राहिलंय फक्त."